रविवारी नाव काढजो

फेब्रुवारी संपत आला की हिंगणघाटच्या हवेत कापसाचे तंतू तरंगू लागतात, असे लिहिणे चुकीचे ठरेल. ते दिवाळीपासूनच असतात. फेब्रुवारीत ऊन बदलते आणि ते दिसू लागतात, इतकेच. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागे आमचे देऊळ आहे. आमच्या मंडळीत चर्चला देऊळच म्हणतात. त्याच्या खिडक्यांच्या जाळीवर आठवडाभरात पांढरी लव साचते. रविवारी सकाळी कुणीतरी ओल्या फडक्याने ती पुसते आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा तिथेच असते.

याच दिवसांत लेंत सुरू होतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, उपवासाचे आणि स्वतःकडे पाहण्याचे. हरभरा सोंगून झालेला असतो, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिलेल्या असतात आणि हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळस पेटलेला असतो. मंडळीतली काही घरे या चाळीस दिवसांत चहा सोडतात, काही मटण सोडतात. मार्थाकाकू मोबाइल सोडते आणि तसे सगळ्यांना मोबाइलवर कळवते.

यंदाचा लेंत सुरू झाला त्या आठवड्यातल्या शनिवारी मी प्रार्थनेची यादी लिहायला बसलो आणि दोन वर्षांपूर्वीची यादी आठवली. दरवर्षी आठवते. त्या हंगामात नेमके काय घडले याचा क्रम मला पाठ आहे, पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

यादीचे काम माझ्याकडे आहे, कारण माझी नोकरी वर्ध्याच्या एका दैनिकात मजकूर तपासण्यात गेली. मंडळीचा समज असा की, वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाकडून चुका होत नाहीत. अर्ध्या कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे ‘विनंती’, उजवीकडे ‘उपकारस्तुती’. कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाचे लग्न जुळत नाही, ते डावीकडे. ज्याचे काम झाले तो उजवीकडे. लोक शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करतात. रविवारी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, ती यादी मोठ्याने वाचतात, प्रत्येक नावानंतर थोडे थांबतात आणि मंडळी डोळे मिटून ते नाव देवापुढे ठेवते.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या लेंतमध्ये डाव्या बाजूला एक नाव वीसेक रविवार सलग होते. शमुवेल, वाचेसाठी. शमुवेल म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. जिनिंगमध्ये फिटर होते. देवळात गीत सुरू करून देण्याचे काम त्यांचे. आमच्याकडे पेटी आहे, पण ती वाजवणारा कुणी नाही. भाऊजी पहिली ओळ म्हणायचे आणि मंडळी त्यांच्या सुरात सूर मिळवायची. दसऱ्याच्या सुमारास त्यांना लकवा मारला. उजवे अंग हळूहळू थोडे सुधारले, वाचा मात्र आली नाही. तेव्हापासून आमची गीते तीन-चार वेगवेगळ्या सुरांत सुरू होतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत कशीबशी एकत्र येतात.

ताई आंजीच्या शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त. तिने बाराखडीचा तक्ता पलंगासमोर टांगला. सकाळी तेल लावून झाले की पट्टी घेऊन उभी राहायची.

“म्हणा, आ.”

भाऊजी तोंड उघडायचे. हवा बाहेर यायची.

“मोठ्यानं म्हणा ना. गाता तवा तं पूर्ण जिनिंग ऐकत जाय.”

भाऊजी भिंतीकडे तोंड फिरवायचे. ताई पट्टी खाली ठेवायची. “रुसले साहेब,” असे म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि तिथून बराच वेळ बाहेर यायची नाही. तिला मुलेबाळे नाहीत. त्या घरात दोनच माणसे, आणि त्यातले बोलणारे एक.

शेजारी निर्मलाबाई राहतात. त्यांच्या घरचा भाजीचा मळा आहे. बाजाराच्या दिवशी जाता-जाता ताईकडे मेथीची जुडी टाकून जातात. एकदा मी तिथे असताना त्यांनी दारातूनच विचारले, “काऊन वो मास्तरीणबाई, तुमच्या देवाले इतका उशीर काऊन लागून राह्यला?”

“इचारून सांगतो,” ताई म्हणाली.

“मी माह्या गणपतीलेबी सांगून ठेवलं हाये. चतुर्थीले.”

“सांगून ठेवा. पण दोघांत भांडण नाई लागलं पाह्यजे.”

दोघी हसल्या. ताईचे ते हसणे मी खरे मानले. माणूस हसतो म्हणजे तो टिकून आहे, असा माझा तेव्हा समज होता.

लेंतच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला. बोलणे अर्ध्या मिनिटाचे. भाऊजींना झोप लागली होती म्हणून ती हळू आवाजात बोलत होती. शेवटी म्हणाली, “रविवारी आमचं नाव काढजो.”

मी बरे म्हणालो आणि यादीतून ते नाव काढले.

आता हा शब्द पाहायला हवा. मुलगा शिकून मोठा झाला की त्याने घराण्याचे नाव काढले असे म्हणतात. नको त्या माणसाचा उल्लेख झाला की, त्याचे नाव काढू नका, असे म्हणतात. म्हणजे काढणे हे घेणेही आहे. आणि यादीतून नाव काढणे म्हणजे वगळणे. मराठी माणूस हे तीन अर्थ न चुकता वापरतो. पण वर्तमानपत्राच्या टेबलावर ‘काढ’ या शब्दाला एकच अर्थ असतो. जागा कमी पडली की काढ, बातमी शिळी झाली की काढ. रोज संध्याकाळी कुणीतरी हा शब्द उच्चारतो आणि दुसरा कुणीतरी कारण न विचारता मजकूर उडवतो. माझे कान तिथे तयार झाले. वीस रविवार पुढे न सरकलेली ती ओळ मला, खरे सांगायचे तर, शिळी वाटू लागली होती. ताई थकली असेल, लोकांसमोर तेच-तेच नको वाटत असेल, असा अर्थ मी लावला आणि खातरजमा केली नाही. खातरजमा करणे हाच माझा धंदा होता.

पहिल्या रविवारी यादी वाचली गेली. ताई दुसऱ्या बाकावर, शेजारी चाकाच्या खुर्चीत भाऊजी. यादी संपली तेव्हा तिने डोळे उघडले आणि पाळकांकडे पाहिले. मला ते दिसले. मी ते सुटकेचे लक्षण मानले.

दुसऱ्या रविवारी मार्थाकाकूने साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते उभे राहून सांगणे. तिच्या पुतण्याला नोकरी लागली होती. पूर्ण विश्वासाने मागितले की मिळतेच, असे तिने सांगितले आणि बसताना ताईच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या मनात काही वाकडे नव्हते. ताई हसली. उपासना संपल्यावर दारात मी तिला विचारले, बरी आहेस ना? ती म्हणाली, “बरी हावो.” तिसऱ्या रविवारीही ती आली, यादी शेवटच्या नावापर्यंत ऐकली आणि भाऊजींच्या मांडीवर पडलेला कापसाचा तंतू चिमटीने उचलला.

चौथ्या रविवारी ती आली नाही.

गेल्या तीसेक वर्षांत तिचा रविवार चुकला होता तो आजारपणात आणि आमच्या आईच्या मयतीला. मी उपासनेनंतर तिच्या घरी गेलो. निर्मलाबाई अंगणातच भेटल्या. “भाऊ, बाई म्हणून राह्यली, तिकडं आमची गरज नाई आता,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “कोणी काई बोललं काय तिले?”

आत ताई भाऊजींची नखे कापत बसली होती. बायबल कपाटावर, चष्म्याच्या घरासह.

“काऊन नाई आली ताई?”

“कायले येऊ?”

“म्हणजे?”

“तुम्ही थकले ना आमच्या नावानं? थका. मीबी थकली. पण सांगून तं थकायचं.” तिने कात्री खाली ठेवली नाही. “तीन रविवार मी बसून ऐकलं. पह्यल्यांदा वाटलं, सुटलं असन. दुसऱ्यांदा वाटलं, पाळकसाहेबाईले वाटत असन, आता काई होत नाई याचं. तिसऱ्यांदा काय वाटलं, सांगू? वाटलं, तिकडूनच काढलं. वरून.”

मी म्हणालो, “तूच म्हणाली ना, नाव काढजो म्हणून.”

“हो, म्हटलं. लेंतचा पह्यला रविवार होता. विसरला नाई पाह्यजे म्हणून आठवण देली. नाव काढजो. घेजो.” मग तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. “तू काढूनच टाकलं?”

मी मान डोलावली.

“अबे, तू पेपरात होता का कापणीवर?”

तेवढ्यात खुर्चीतून एक आवाज आला. भाऊजी हसत होते. तोंडाची डावी बाजू वर गेली होती, उजवी होती तिथेच होती, आणि मधून बैलगाडीच्या चाकासारखा कुरकुरता आवाज येत होता. पाच महिन्यांत त्यांच्या गळ्यातून आलेला तो पहिला आवाज. शब्द नव्हता. ताईने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती हसायला गेली आणि रडली. रडताना मला म्हणाली, “जाय, चहा मांड. माह्या हातात कात्री हाये.”

हा प्रसंग कागदावर कुठे लिहावा, हे मला तेव्हा कळले नाही. माझ्या चुकीमुळे तो आवाज निघाला, हे खरे. त्याच चुकीमुळे एका बाईला तीन आठवडे वाटले की देवाने तिचे नाव खोडले, हेही खरे. पहिले दुसऱ्याची भरपाई करते असे मी कुणाला सांगू शकत नाही. आणि मार्थाकाकूने तसे सांगितले तेव्हा तिला खोडूनही काढता आले नाही. “पाह्य, देवानं तुह्या चुकीचाबी उपेग केला,” ती म्हणाली. मग न झालेल्या चुकीचा तो काय करतो, हे मी विचारले नाही.

चहा घेताना ताईला विचारले, त्या तीन रविवारी तू काय प्रार्थना केलीस?

“काईच नाई. येतच नव्हती. घरीबी नाई आणि देवळातबी नाई. जिभेवर वाळू असल्यावानी.”

“मग येत कशाला होतीस?”

“रविवार होता म्हणून.” थोड्या वेळाने तिने भर घातली, “दुसऱ्याईचे नाव यायचे ना. त्या भोयराच्या पोरीची परीक्षा, हिंगणीच्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू. त्यायच्यासाठी आमेन म्हणता येत होतं. माह्यासाठी नव्हतं येत. दुसऱ्याचं चाललं तितकं चाललं. मंग तेबी नाई येईन वाटलं, म्हणून आज आलीच नाई.”

याला श्रद्धा म्हणायचे की सवय, मला ठरवता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: तोच बाक, तीच वेळ, तीच साडी. उपदेशांत ऐकले आहे की, निराशेच्या काळात विश्वासात दृढ राहावे. दृढ माणूस दिसतो कसा, हे त्यात सांगत नाहीत. मी आयुष्यभर ‘खचले’, ‘सावरले’ असे शब्द मथळ्यांत बसवले. दोन्ही छोटे आहेत, एका ओळीत मावतात. ताई त्या हंगामात खचली होती का? हो. सावरली होती का? त्याच रविवारी, त्याच बाकावर, बहुधा तेही. असा मथळा करता येत नाही.

पाळकांना मी फोन करून झालेला घोटाळा सांगितला. ते तरुण आहेत, वर्ध्याहून मोटारसायकलने येतात. मी म्हणालो, पुढच्या रविवारी खुलासा वाचायला हवा. वर्तमानपत्रात चूक छापली की दुसऱ्या दिवशी छापतो तसा.

त्यांनी विचारले, “खुलासा द्यायचा कुणाला, काका? मंडळीला की देवाला?”

मग ते म्हणाले, “नाव नाही हे मला पहिल्याच रविवारी जाणवलं होतं. वाटलं, घरच्यांनी सांगितलं असेल. विचारणं बरं दिसलं नसतं.” पुढच्या आठवड्यात आणखी चौघांनी मला हेच सांगितले. प्रत्येकाला जाणवले होते, आणि प्रत्येकाने सभ्यपणे गप्प राहायचे ठरवले होते. एवढ्या लहान मंडळीत एक नाव गळाले आणि ते सगळ्यांना ऐकू आले, ही गोष्ट चांगली की वाईट, याचाही मी अजून विचार करतो आहे.

पाचव्या रविवारी नाव पुन्हा वाचले गेले. खुलासा वाचला नाही. ताई आली होती. आमेन म्हणताना तिचे ओठ हलले की नाही हे मी पाहिले नाही. पाहायचे नाही असे ठरवले होते.

भाऊजींचे नाव आजही यादीत आहे. वाचा आलेली नाही. मला शनिवारी कुणी ‘नाव काढजो’ म्हणाले की मी विचारतो, घेऊ की वगळू? मंडळीतली पोरे माझी नक्कल करतात. निर्मलाबाईंनाही ही गोष्ट कळली आहे, त्या मेथी देताना म्हणतात, “भाऊ, ही घेऊ की वगळू?”

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आमच्याकडे चिठ्ठ्या काढतात. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूने क्रूसावरून जे सात उद्गार काढले, त्यांतल्या एकेकावर मंडळीतल्या एकेकाने बोलायचे. कुणाला कोणता उद्गार, हे चिठ्ठीवर. त्या वर्षी ताईची चिठ्ठी भाऊजींनी डाव्या हाताने उचलली. चौथा उद्गार. ज्यात तो आपल्या देवाला विचारतो की मला का सोडलेस. मला पाचवा आला: तहान.

“बदलून देऊ का?” मी तिला विचारले.

“काऊन? तुले तहानीचा काय अनुभव?” ती म्हणाली. “राहू दे.”

उत्तम शुक्रवारी ऊन कडक होते. पत्र्याच्या छतावरून उष्णता खाली उतरत होती, आणि साडेबाराला वीज गेली. त्या तीन तासांत कुणी पाणी पीत नाही. तसा लिहिलेला नियम नाही, पाळला जातो. लहान मुले बाहेर जाऊन पिऊन येतात. तिसऱ्या उद्गारानंतरचे गीत नेहमीप्रमाणे चार सुरांत सुरू झाले आणि त्या दिवशी शेवटपर्यंत एकत्र आले नाही.

ताई उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. तीसेक वर्षे वर्गासमोर उभी राहिलेली बाई, पण तिने बाकाची कड धरली होती.

“मी पाच दिवस शोधलं,” ती म्हणाली. “माह्यापाशी दोन बायबलं हायेत, एक मोठ्या अक्षरांचं. त्यानं इचारलं, काऊन. त्याचं उत्तर कुठंच लिहेल नाई. आकाशातून कोणी बोललं नाई. आधी दोनदा बोललं होतं वाटते, त्याचा बाप्तिस्मा झाला तवा नदीपाशी, आणि मंग पहाडावर. तवा गरज नव्हती. आता होती, तं नाई बोललं.” पंखे बंद असल्यामुळे जिनिंगच्या आवारातल्या ट्रकचा आवाज स्पष्ट येत होता. “मले वाटलं होतं, उत्तर भेटलं की इथं उभी राहीन. नाई भेटलं. पण त्याच्यापुढं लिहेल हाये, त्याले तहान लागली. उत्तर नाई आलं, तरी तहान लागली, आणि त्यानं ते सांगितलं. ज्यायनं त्याले मारलं त्यायच्यासमोर सांगितलं. इतकंच हाये माह्यापाशी.”

ती बसली.

चौथा उद्गार एका शुभवर्तमानात आहे आणि पाचवा दुसऱ्यात. तिने जोडले तसे ते मूळ मजकुरात एकापुढे एक नाहीत. हे मला तिथे बसल्या-बसल्या लक्षात आले, आणि ते कुणालाही सांगण्यासारखे नाही हेही लक्षात आले.

मग ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. बाटलीच्या झाकणात थोडे पाणी ओतले, स्टीलचा चमचा काढला, भाऊजींची हनुवटी फिजिओथेरपीवाल्याने शिकवल्याप्रमाणे खाली टेकवली आणि पहिला चमचा त्यांच्या ओठांशी नेला. संपूर्ण देऊळ कोरड्या तोंडाने पाहत होते. त्यांनी गिळले. थोडे पाणी उजव्या कोपऱ्यातून गळले; तिने ते पदराने पुसले आणि दुसरा चमचा भरला. पाळकांनी घड्याळ पाहिले नाही. त्यांनी पाचवा उद्गार पुकारला.

मी उठलो. माझ्या हातात चार पाने होती, दोनदा तपासलेली. झाकणात अजून पाणी होते. मी उभा राहिलो, आणि भाऊजींचे पिणे होईपर्यंत थांबलो. मंडळीही थांबली.